जाऊ द्या

नाही, तुमचं बरोबर आहे साहेब, शिडी यादीत नाहीच. मंजूर यादीत नाही, बिलात नाही, कुठेच नाही. पण भिंतीला टेकून उभी आहे ना — मग असू दे की. वस्तू कमी निघाली तर विचारावं माणसाने, जास्त निघाली तर काय विचारायचं? बसा तुम्ही. त्या स्टुलावर बसा, या खोलीत बसण्यासारखं तेवढं एकच आहे, बाकी सगळं उचलून न्यायचं सामान. अध्यक्षबाई येतीलच. तुमचा निरोप होता ना, सह्या करणाऱ्या दोघीही हजर पाहिजेत म्हणून — मी सकाळीच सांगितलंय त्यांना, भिंतीवरून. म्हणजे भिंतीवरून नाही, आपलं जाता जाता सांगितलं. त्यांचा गुडघा कुरकुरतो जरा, जिना उतरायला वेळ लागतो. तोवर तुम्ही सामान बघून घ्या. हे ड्रिल. ही करवत, ही दुसरी करवत, लोखंडाची. हे पाने. ही लांब तार मोरी तुंबली की आत सोडायची, हिला सगळ्यात जास्त मागणी — सध्या बेकरीवाल्याकडे होती, काल आणून दिली त्याने, धुऊन. आधी धुऊन देत नव्हते लोक. मी एकदा दारातून परत पाठवलं एकाला, तेव्हापासून गल्ली सुधारली.

हे काय होतं म्हणता आधी? पंपाची खोली. पंप गेला, खोली राहिली, आणि मग गल्लीने तिच्यात जे जे टाकता येईल ते टाकलं. आता बघा. ज्याला जे लागेल ते न्यावं, काम करावं, आणून ठेवावं. ड्रिल काय रोज लागतं का घरात? एकदा भोक पाडलं की ते पलंगाखाली जातं आणि पुढच्या वेळी सापडत नाही म्हणून माणूस नवीन आणतो. कल्पना कुणाची? कल्पना माझी — म्हणजे आमची. दोघींची. म्हणजे वेगवेगळी दोघींची. तो एक घोळच झाला, सांगू का? सांगतेच, तुम्ही नवीन दिसता, तुम्हाला माहीत नसणार. आमचं सगळं त्या चष्मेवाल्या बाईंनी केलं तुमच्या ऑफिसातल्या. फार चांगल्या बाई. अनुदानाचा अर्ज कसा भरायचा त्याचा वर्ग घेतला होता त्यांनी, मी अगदी पुढच्या बाकावर बसून ऐकला. काम काय, कुणाच्या उपयोगाचं, झाल्यावर सांभाळणार कोण — मी म्हटलं, एवढे प्रश्न तर माझं लग्न ठरवताना कुणी विचारले नव्हते. तर मी अर्ज केला. अवजारांची खोली, आणि त्यात सगळ्यात आधी शिडी. आणि छाननीच्या वेळी त्या बाई म्हणतात, तुमच्याच गल्लीतून, याच खोलीसाठी, याच कामाचा आणखी एक अर्ज आलाय. त्यातही शिडी पहिली. मी म्हटलं, कुणाचा? तर ह्यांचा. अध्यक्षबाईंचा. तेव्हा अध्यक्ष नव्हत्या त्या, तेव्हा नुसत्या शेजारच्या होत्या.

मग काय, बाईंनी सांगून टाकलं — एक गल्ली, एक खोली, एक कल्पना, एकत्र या नाहीतर दोन्ही अर्ज बाद. आता माघार घ्यायची तर कुणी? मी का घ्यावी? आणि त्यांनीही घेतली नाही, घेणारच नाहीत, नाकावर राग आहे तो काय उगीच? असं करून एक अध्यक्ष झाली आणि एक सचिव. तिसरा सदस्य समोरचा न्हावी. त्याला का घेतलं म्हणाल, तर निरोप पोचवायला. हसू नका, खरंच सांगते. बैठका त्याच्या दुकानात व्हायच्या. आम्ही दोघी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर, तोंडं आरशाकडे. मी म्हणायची, अध्यक्षांना सांगा, ड्रिलसाठी तीन दुकानांचे भाव आणावे लागतात, नियम आहे. तो बिचारा कात्री हातात धरून तिकडे वळायचा. तिकडून उत्तर यायचं, "आणलेत." एवढंच. त्या टेलिफोनच्या खात्यात होत्या ना आयुष्यभर, लोकांच्या बोलण्याचं बिल मोजत, त्यामुळे दोन शब्दांच्या वर बोलायचं जिवावर येतं त्यांच्या. बोलणं असं न्हाव्यामार्फत, पण आरशात बघणं कसं टाळणार? मान वर केली की समोर वहिनी. मान खाली घातली तर न्हावी विचारणार, मागून बारीक करू का?

वहिनी? वहिनी म्हटलं का मी? अहो, तोंडात असतो शब्द. आपण कुणालाही म्हणतो वहिनी. दूधवाला मला रोज वहिनी म्हणतो, तो काय माझा दीर झाला? तुम्ही लगेच पेन कशाला उघडलंत साहेब? ठेवा ते खिशात, ड्रिल बघा. चालवून दाखवू?

बरं, नको. तर पहिला हप्ता आला, सामान आलं. तुमच्या कार्यक्रमाची ती गोष्ट मला आवडली बरं का — सगळे पैसे एकदम देत नाहीत. थोडं द्यायचं, काम बघायचं, मग पुढचं द्यायचं. आमच्या घरात ही पद्धत असती तर आमचे हे कधीच सुधारले असते. प्रगतीचा अहवाल मी लिहायची, सही दोघींची. तिची — त्यांची सही अशी की जणू काही कागदावर उपकार करतायत. पण वेळ कधी चुकवली नाही हं. कधीच नाही. मी अहवाल न्हाव्याकडे ठेवायची, तासाभरात सही होऊन यायचा, आणि शुद्धलेखन दुरुस्त करून. मला सांगा, न विचारता कुणी दुसऱ्याचं शुद्धलेखन दुरुस्त करतं का? परक्या माणसाचं तर मुळीच करत नाही.

काय म्हणालात? दोघींना काय विचारायचंय? मला वाटलं ड्रिलचं काहीतरी असेल, देखभालीचं. तो प्रश्न? तोच? मुलाखतीत विचारला होता तो? अहो, तो तर तेव्हाच विचारून झाला. तेव्हाही विचारायचा आणि काम पूर्ण झाल्यावरही विचारायचा — हो का, तसा नियम आहे का? दोघींना समोरासमोर उभं करून? आणि उत्तर खोटं निघालं तर... सामान परत. सगळं. पुढच्या गल्लीला. हो, सांगितलं होतं वर्गात, पुढच्याच बाकावर होते मी.

नियमात चूक आहे असं नाही म्हणत मी. सह्या करणाऱ्या दोघी एकमेकींच्या नात्यातल्या नकोत, का, तर एकीने दुसरीवर लक्ष ठेवायला पाहिजे, आपसात सांभाळून घ्यायला नको. पटतं मला. पण मी तुम्हाला सांगते साहेब, आमच्या दोघींइतकं लक्ष या जगात कुणी कुणावर ठेवलं नसेल. स्क्रूची पुडी आली तर दोघी वेगवेगळ्या मोजायचो. नियमाचं पोट आम्ही जेवढं भरलं तेवढं कुणी भरलं नाही. आडनाव? आडनाव एकच आहे, हो. पण हे आडनाव किती पसरलंय, दगड मारला तर याच आडनावाच्या माणसाला लागेल. घराचा क्रमांकही एकच, पुढे अ आणि ब, हो, ते आपलं पालिकेने दिलंय. तुम्ही फार बारीक बघता हो. त्या चष्मेवाल्या बाई एवढं बघत नव्हत्या. किंवा बघूनही बोलत नसतील. माझी जाऊ —

जाऊ द्या. जाऊ द्या म्हणत होते मी, माझी जाऊ द्या ती बडबड. ते सोडा.

बरं, आपण असं करू. तुम्ही नवीन आहात, अनेक ठिकाणी जाता, तुम्हाला असं कुठे भेटलं तर उपयोगी पडेल म्हणून विचारते. समजा हं. समजा, दोन बायका आहेत. एका घरात दोन भावांना दिलेल्या. मोठी आधीपासून होती, धाकटी नवी आली. धाकटीला काही येत नव्हतं, कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो इथपासून मोठीने दाखवलं. भाऊ बोलत बसायचे आणि या दोघी गच्चीवर. तर समजा, पुढे घराच्या वाटण्या झाल्या. मधे भिंत आली. वाटण्या अगदी सुरळीत झाल्या, भांडी, कपाटं, खिडक्या, सगळं. राहिली एक शिडी. शिडीचे काय दोन तुकडे करणार? ती मोठीच्या बाजूला राहिली, आणि तिथे शब्दाने शब्द वाढला. भाऊ अजून बोलतात बरं का, रोज फिरायला जातात दोघं, त्यांचं काही बिघडलं नाही. पण या दोघींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. मग समजा एक दिवस धाकटीच्या घरातला दिवा गेला. शिडी भिंतीपलीकडे. मागायची कशी? मागितली नाही. टेबलावर स्टूल ठेवलं, वर चढली, आणि आली खाली. हे मनगट बघा, अजून पूर्ण वळत नाही, शिवणाच्या मशीनवर बसलं की दुखतं.

समजाच म्हणतेय मी.

तर अशी बाई काय करेल? ती अर्ज करेल. गल्लीत अशी एक जागा हवी जिथून कुणाच्या तोंडाकडे न बघता शिडी नेता येईल. यासाठी केला मी तो अर्ज, गल्लीच्या विकासाबिकासासाठी नाही, ते सगळं नंतर बाईंनी शिकवलं तसं लिहिलं. आणि मुलाखतीच्या दिवशी तुमच्या त्या लांब टेबलापुढे दोघी बसलो. आधी तिला विचारलं, शिडीच का हो पहिली? मला वाटलं ही काय सांगणार. तर म्हणते, "शेजारची पडली." एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. म्हणजे भिंतीतून ऐकलं होतं हिने. पडल्याचा आवाज ऐकला होता, आणि आली नव्हती, आणि मग जाऊन अर्ज केला होता. आता यावर रडावं की भांडावं, मला काही सुचेना. आणि तेवढ्यात तुमच्या साहेबांनी विचारलं, तुमचं दोघींचं नातं काय? आणि दोघी एकदम म्हणालो, काही नाही.

एकदम. जणू आधी ठरवून आलो होतो.

मी ते रागाने म्हटलं, एवढं मला माहीत आहे. खोटं बोलतोय असंसुद्धा वाटलं नाही हो तेव्हा, खरंच काही नाही असं वाटत होतं. पण तिने म्हटलं ना, ते मला लागलं. फार लागलं. घरी येऊन मी दिवसभर मशीनवर बसले आणि एका माणसाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. मला वाटायचं, मी म्हणू शकते, मी धाकटी आहे, पण तिने म्हणायचं नव्हतं. आता यात काही न्याय नाही, मला कळतं. पण असं वाटलं.

तर ही शिडी. विचारत होतात ना तुम्ही. तुमच्या ऑफिसने आमची सगळी यादी मंजूर केली आणि एकच वस्तू कापली. शिडी. का, तर कुणी पडलं तर जबाबदारी कोणाची. ज्या शिडीसाठी एवढा खटाटोप, तीच गेली आणि बाकीचं लटांबर पदरात पडलं. मी तर हसत सुटले. मग दुसऱ्या हप्त्याच्या आधी फोटो पाठवायचा होता, दारावर तुमच्या कार्यक्रमाचा बोर्ड हवा, रस्त्यावरून दिसेल इतका उंच हवा, आणि फोटोत काम करणारी माणसं दिसायला हवीत. बोर्ड आला, ड्रिल आहे, स्क्रू आहेत, आणि वर चढायला काही नाही. मी म्हटलं, स्टूल आणते. खरंच म्हटलं, आणि हेच स्टूल, तुम्ही बसलाय ते, दारात आणून ठेवलं. ती उभी होती, तिने स्टुलाकडे बघितलं आणि चालू लागली. मला वाटलं, गेली. आणि थोड्या वेळाने गुडघ्याने लंगडत, खांद्यावर शिडी घेऊन येताना दिसली. घरातली शिडी. त्या खालच्या पायरीवर पांढरा रंग सांडलेला आहे ना, तो आमच्या ह्यांनी सांडलाय, लग्नाआधी. तिने ती भिंतीला लावली, दोन्ही हातांनी खालून धरली, आणि म्हणाली, "चढ. धरलंय मी."

किती वर्षांनी बोलली सरळ माझ्याशी, मधे न्हावी नाही, आरसा नाही. मी चढले. वर जाऊन बोर्ड लावला, वाकडाच लागलाय बघा थोडा, कारण मला वरून नीट दिसतच नव्हतं. डोळ्यांत पाणी असलं की ड्रिल धरू नये. न्हाव्याने फोटो काढला, त्यात तिचा अर्धा चेहरा माझ्या चपलेमागे गेलाय. तुमच्या ऑफिसने तो फोटो मान्य केला, हप्ता दिला. आणि शिडी तिने परत नेली नाही. मी म्हटलं नाही, ने म्हणून. ती इथेच राहिली. ती ना तिच्या बाजूला, ना माझ्या. सगळ्या गल्लीचे दिवे आता तिच्यावर चढून लागतात.

हे सगळं समजा म्हणूनच सांगितलं हं मी.

बघताय काय असे माझ्याकडे? आता तुम्ही म्हणाल, बाई, तेव्हा जे सांगितलं ते आता पुन्हा सांगा, आणि विषय संपला. दोन शब्द. काही नाही. खोली राहील, मोरीची तार राहील, बेकरीवाला खूश. मला म्हणता येतं हो. पण तिला विचाराल ना, अध्यक्ष म्हणून आधी, तर ती म्हणेल. खोलीसाठी म्हणेल, गल्लीसाठी म्हणेल, मला चांगलं माहीत आहे. तरी माझ्या कानावर तेच येणार. तुम्ही मला आधी विचारा. नाहीतर मला बाहेर जाऊ द्या आणि मग विचारा. समोरासमोरच पाहिजे का? थांबा. काठीचा आवाज आला. मधल्या पायरीवर थांबते ती नेहमी, श्वास घेते, मग बाकीच्या उतरते. साहेब, आता मी काही बोलले नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. सचिव आणि अध्यक्ष. शेजारणी. मान्य ना?

या, या अध्यक्षबाई. साहेब केव्हाचे बसलेत, आम्ही ड्रिलबद्दल —

अं? नाही. नाही दिला अजून.

ऐकलंत साहेब, काय म्हणाली? दारातून पाय आत टाकला नाही अजून. "धाकटे, चहा दिलास?" झालं. एवढा वेळ मी इथे जीव मुठीत धरून तुमच्यापुढे अध्यक्षबाई अध्यक्षबाई करतेय, आणि ही येऊन एका शब्दात सगळं टेबलावर मांडते. तिला काय माहीत नाही का, तुम्ही कशासाठी आलाय ते? माहीत आहे तिला. पाठ आहे तिला सगळे नियम. तशीच म्हणाली.

विचारा आता. नाही, मलाच विचारा, मागच्या वेळी दोघी एकदम बोललो होतो, या वेळी मी आधी. नातं? जाऊ. नाही साहेब, पुढे ‘द्या’ नाही. नुसतं जाऊ. ही माझी मोठी जाऊ, मी हिची धाकटी. तसं लिहा. वहिनी, तुम्ही थांबा हो जरा, कधी मधे बोलत नाही तर आता कशाला बोलताय. लिहा साहेब. सामान न्यायचं तर न्या. ड्रिल न्या, करवती न्या, ती तार न्या, धुतलेली आहे. बोर्ड काढून न्या. तो उंचावर आहे, काढायला शिडी लागेल, ती देऊ आम्ही. वापरायला देऊ. न्यायला नाही मिळणार, ती आमच्या घरची आहे. आणि उठा बघू आता त्या स्टुलावरून, वहिनींना बसायचंय.